तंबाखूची पकड व तिच्यावरील औषध

पिकावर मावा पडला म्हणजे तंबाखूचा काढा शिंपडावा, हें आमच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होतें. त्या काढ्यांतील किडा मारणारें द्रव्य तेंच निकोटीन होय. तें १८२८ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें प्रथम वेगळें काढण्यांत आलें. तंबाखूच्या ओल्या पानांत राबणाऱ्या मजुरांस मळमळ व भोंवळ येते ती त्याचमुळें; तें कातडींतून अंगांत शिरतें. असें द्रव्य आपण दिवसभर गालांत धरतों, आणि संवय सुटत नाहीं म्हणून आश्चर्य करतों!

याविषयीं दोन गैरसमज आहेत. पहिला हा कीं, तंबाखू सोडणें हें केवळ मनोनिग्रहाचें काम. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं तीन वेळां शपथ घेतली व तिन्ही वेळां मोडली. लोक हंसले, आम्हांसही आपण नादान असें वाटलें. परंतु मेंदूस निकोटीनची संवय जडली म्हणजे तें न मिळतांच चिडचिड, बेचैनी व निद्रानाश होतो. हा त्रास पहिल्या आठवड्यांत फार असतो व तीन-चार आठवड्यांत बहुधा ओसरतो, हें आम्हांस त्या वेळीं कोणीं सांगितलें नाहीं.

दुसरा गैरसमज अधिक घातक. निकोटीनमुळेंच कर्करोग होतो, मग निकोटीनचें च्युइंगम घेऊन लाभ काय, असें पुष्कळ जण विचारतात. वस्तुतः निकोटीन व्यसन जडवितें. तोंडाचा कर्करोग मुख्यत्वें तंबाखूंतील नायट्रोसामाइन वगैरे दुसऱ्या द्रव्यांनीं होतो. च्युइंगममध्यें निकोटीन मोजकें असतें व तें क्रमानें कमी करीत न्यावयाचें असतें. तें सतत चावूं नये. तोंडास झिणझिण्या आल्या कीं गालांत धरावें, आणि त्याआधीं पंधरा मिनिटें चहा घेऊं नये. मात्र तें निरुपद्रवी नव्हे. मुलांपासून दूर ठेवावें. गर्भवतीनें व हृदयविकार असणाऱ्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. निवृत्तीनंतर आमची तंबाखू सुटली ती याच उपायानें व डॉक्टरांच्या सल्ल्यानें.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेकडा २६.६ जण तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे थोडे, चघळणारे व मिश्री लावणारेच फार. राज्यांत २०१२ सालीं गुटखाबंदी झाली, तरी मिश्री घरोघरीं राहिली. आमच्या मायबहिणी तिला दांतांचें औषध समजतात. त्यांस कोणी व्यसनी म्हणत नाहीं, म्हणून त्यांस उपचारही कोणी सुचवीत नाहीं.

आमची सूचना एवढीच कीं, संघानें बियाण्याच्या व खताच्या सभांस जोडूनच तालुक्याच्या डॉक्टरांचें एक व्याख्यान ठेवावें, व त्यास स्त्रियांस अगत्यानें बोलवावें. २०१८ पासून तंबाखूच्या पुड्यांवर १८००-११-२३५६ हा सरकारी सल्ल्याचा विनामूल्य क्रमांक छापला जातो. चित्र पाहून सगळेच तोंड फिरवितात. त्याजवळचा क्रमांकही वाचावा. पिकास कीड लागली असतां आपण शेतकऱ्यास बोल लावीत नाहीं, औषध आणतों. घरच्या माणसाविषयीं निराळा न्याय कां असावा?