औषध नव्हे, विष म्हणा!



पाऊस पडला की दुकानदार सांगतो, "गवताचं औषध न्या, बेणणी वाचेल." औषध कसलं? ग्लायफोसेट नावाचं विष आहे ते. हिरवं दिसेल ते मुळासकट मारतं. त्यांना जे तण, ते आमचं कोरड्यास: टाकळा, कुर्डू, माठ. बांध जळला की ताटातली भाजी गेली, अन् बायांची बेणणीची मजुरीही गेली.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सांगितलं की यानं माणसाला कर्करोग होण्याचा संभव आहे. कंपन्या म्हणतात होत नाही. काही देशांची सरकारी खातीही तसंच म्हणतात. भांडू द्या त्यांना. पण तोवर पंप कोणाच्या पाठीवर आहे? आमच्या. पाय अनवाणी, हात उघडे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला: ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांनीच मारावं. असा माणूस आमच्या पाड्यावर कोणी पाहिला? आदेश कागदावर, विष ओहोळात!

वनहक्क कायदा २००६, कलम ५ वाचा. जंगल, पाणी, जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. जमीन लढून मिळवली ती जाळायला नाही. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: वनपट्ट्यावर, बांधावर, ओहोळाकाठी तणनाशक मारायचं नाही. ठरावाची नक्कल तालुका कृषी अधिकाऱ्याला द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.