मांडवीच्या पात्रातील हिशेब

पणजी शहराच्या कडेने वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळणाऱ्या मांडवी नदीच्या पात्रात कॅसिनोंची जी जहाजे नांगर टाकून उभी असतात, त्यांच्याकडे निघालेल्या मंडळींत पुण्या-मुंबईकडच्या आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी तरुणांचा भरणा केवढा असतो, हे संध्याकाळी धक्क्यावर घटकाभर उभे राहिले तरी कानांना कळते. आपल्याकडे 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा अंमल आजही चालू आहे; कॅसिनोंना परवाने देण्याची तजवीज करणारा एक कायदा 1976 साली आपल्या विधिमंडळाने संमत केला खरा, परंतु तो कधीही अमलात न येता दप्तरी पडून राहिला आणि 2023 मध्ये रीतसर रद्द झाला. गोव्यात मात्र त्याच 1976 सालच्या जुगारविषयक कायद्याला नव्वदीच्या दशकात दुरुस्त्या जोडून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील आणि जहाजांवर टेबलांवरील खेळांना मुभा देण्यात आली. खुद्द गोमंतकीयांना त्यांच्याच सरकारने फेब्रुवारी 2020 पासून या जहाजांवर मज्जाव केला आहे, ही गोष्ट पाहुण्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

जाणाऱ्याला वडीलधारे उपदेश करतात आणि मित्र आपल्या जिंकण्याच्या कथा सांगतात. पण तेथे पैसा कोणत्या वाटेने जातो, हे त्याला दोघांपैकी कोणीच सांगत नाही. ज्याला जायचेच आहे त्याने निदान ते जाणून जावे, या तळमळीने हा लेख लिहीत आहे.

नवख्याचे पाय बहुधा प्रथम रूलेटच्या चाकाकडे वळतात. येथे रोकड डीलरच्या हातात द्यायची नसते, टेबलावर ठेवायची असते. तो ती छतावरच्या कॅमेऱ्याला दिसेल अशी पसरून मोजतो आणि बदल्यात चिप्स पुढे सारतो. कोणाचा डाव कोणता हे कळावे म्हणून प्रत्येक खेळाडूला निराळ्या रंगाच्या चिप्स मिळतात आणि त्यांची किंमत त्या टेबलापुरतीच असते, म्हणून उठताना त्या तेथेच बदलून घ्याव्या लागतात. डीलर चाक एका दिशेला फिरवतो, पांढरी गोळी कडेच्या पन्हाळीतून उलट दिशेला सोडतो, आणि गोळीचा वेग मंदावू लागला की डाव बंद झाल्याची सूचना देतो. त्यानंतर चिप्सना हात लावता येत नाही. गोळी घरात पडताच तो विजयी अंकावर खूण ठेवतो, हरलेल्या चिप्स आधी ओढून घेतो आणि मगच जिंकलेल्यांचे देणे चुकते करतो.

आता हिशेब पाहू. शून्यापासून छत्तीसपर्यंत चाकाला घरे 37; एका अंकावर लावलेले हजार रुपये जिंकले तर पस्तीस हजार मिळतात आणि आपले हजार परत येतात. समजा, एखाद्याने सदतीसही घरांवर हजार-हजार ठेवले, तर गोळी कोठेही पडो, 37,000 देऊन 36,000 हाती येणार. उरलेले हजार जहाजाचे. हे प्रमाण शेकडा 2.70 पडते, आणि शून्याच्या जोडीला दुहेरी शून्याचे घर असलेल्या चाकावर तेच 5.26 होते, म्हणून बसण्यापूर्वी शून्ये मोजावीत. लाल-काळ्यावर लावले तरी प्रमाण तेच, कारण 37 पैकी 18 घरेच आपली असतात. यात लबाडी नाही. पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक जी नाल काढतो तीच येथे देण्याच्या दरात मुरवलेली आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घेण्यास सांगितले आहे; तो वाटा उघडपणे आणि जिंकणाऱ्याकडून घेतला जाई, म्हणून माझ्या मते ती रीत खेळणाऱ्याच्या दृष्टीने अधिक स्वच्छ होती.

चाकाला स्मरण नसते, ही दुसरी गोष्ट मनावर ठसवून घेणे फार अगत्याचे आहे. 18 ऑगस्ट 1913 रोजी माँटे कार्लो येथे गोळी ओळीने सव्वीस वेळा काळ्या घरांत पडली, आणि आता तरी लाल येणारच या खात्रीने लोक दर खेपेस लालवर अधिकाधिक रक्कम लावून बुडाले. याच भ्रमातून हरलेली रक्कम दुप्पट लावत जाण्याची युक्ती निघते, आणि ती मित्रामित्रांत आजही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. पाचशेपासून आरंभ करून सात वेळा हरल्यास 63,500 रुपये गेलेले असतात आणि आठव्या खेपेस 64,000 लावावे लागतात, तेही मूळच्या पाचशेंच्या लाभासाठी. सात डाव ओळीने हरण्याचा संभव शंभरात एकाच्या आसपास असल्यामुळे रात्रभर बसणाऱ्याला तो प्रसंग सहज गाठतो, आणि टेबलावरील कमाल रकमेची मर्यादा आठवा डाव बहुधा लावूच देत नाही.

वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या वृक्षावरील पानाफळांची संख्या दृष्टिक्षेपात सांगतो, आणि रथ थांबवून ती मोजून पाहणाऱ्या नलाला तो अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, देतो. त्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. गणना आणि द्यूत यांचे नाते आपल्या पूर्वजांनी इतके जवळून पाहिले होते, याचे मला नित्य कौतुक वाटते. आधुनिक काळात असे काम ब्लॅकजॅकच्या बाबतीत झाले. या खेळात एकवीसच्या वर न जाता डीलरपेक्षा अधिक बेरीज करायची असते. डीलरला सतरापर्यंत पाने घ्यावीच लागतात, आणि आपण आधी फुटलो तर मागाहून तो फुटला तरी आपली रक्कम गेलेलीच असते, यातच जहाजाचा नफा आहे. कोणत्या पानांवर थांबावे याचे कोष्टक अमेरिकी सैन्यातील चौघांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केले. ते पाळल्यास, नियम अनुकूल असतील तेथे, जहाजाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतो. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने 1962 च्या ग्रंथात पुढे जाऊन, निघून गेलेली पाने ध्यानात ठेवल्यास पारडे खेळाडूकडेही झुकू शकते, हे दाखवले. कॅसिनोंनी त्यावर पत्त्यांचे जोड वाढवले आणि अशा खेळाडूंना बाहेरचा दरवाजा दाखवण्यास आरंभ केला. नवख्याने इतकेच पाहावे की, पहिल्या दोन पानांत एकवीस झाल्यास हजाराला पंधराशे मिळतात की बाराशेच. बाराशेचे टेबल सोडून द्यावे.

बॅकरा या पत्त्यांच्या दुसऱ्या खेळात बँकरच्या बाजूला शेकडा 1.06 आणि प्लेयरच्या बाजूला 1.24 इतकाच वाटा जातो, परंतु आठपट देणाऱ्या बरोबरीच्या डावात तो चौदाच्या पुढे असतो. यंत्रांविषयी मला अधिक भय वाटते, कारण तेथे वाट्याचे प्रमाण दिसत नाही आणि डाव पाच-सात सेकंदांत उरकतो. वेगाचे महत्त्व चाकाच्याच उदाहरणाने पाहावे: तासाला चाळीस डाव, दर डावाला पाचशे, असे चार तास खेळणाऱ्याच्या खिशात दहाच हजार असले तरी हातून 80,000 ची उलाढाल होते आणि सरासरीने 2,160 रुपये जातात. ही सरासरी झाली. एखाद्याचे दहाही हजार जातील, एखादा जिंकूनही उठेल.

जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट 30 टक्के लागतो आणि खर्चाची कसलीही वजावट मिळत नाही. वस्तू व सेवा कर 28 टक्के होता, तो सप्टेंबर 2025 मध्ये 40 टक्के झाला. त्याचा भार तिकिटात आहे की चिप्सच्या खरेदीत, हे खिडकीवरच विचारून घ्यावे. गमावली तरी घरात टंचाई होणार नाही एवढीच रोकड सोबत न्यावी, कार्ड खोलीवर ठेवावे, आणि जहाजावर कोणी उसने देऊ केले तर घेऊ नये. आणि घरी परतल्यावरही गेलेली रक्कम भरून काढण्याचाच विचार दिवसरात्र मनात घोळत असेल, फोनवर लपूनछपून डाव चालू असतील, तर या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेने विकारांच्या यादीत स्थान दिले आहे, आणि तिच्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे व तेथे मराठीतून बोलता येते, मग तो फोन स्वतः त्या तरुणाने करावा की त्याच्या आईने.