फडावर जाण्याआधी सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा

तलवाडा व पंचक्रोशीतील बंधू-भगिनींनो,

त्वरिता देवीचं नवरात्र तोंडावर आलंय. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमांचे फोन सुरू होतील आणि दिवाळीच्या आगेमागे घरांना कुलपं लागतील. त्याआधी एक काम उरकून घ्या.

यंदा ज्यांना नव्यानं शुगर निघालीय आणि बीपी, किडनी, दमा, टीबी, संधिवात यांतलं काही आधीपासूनच मागं लागलंय, त्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या आणि रिपोर्ट एका पिशवीत भरावेत आणि ती पिशवी एकाच डॉक्टरांपुढं रिकामी करावी. बीपीची गोळी गेवराईची, शुगरची बीडची, कंबरेचं इंजेक्शन गावातलं, असं आपलं चालतं. कुणालाच दुसऱ्याची चिठ्ठी दिसत नाही.

खरा घात होतो तो दुखण्याच्या गोळीनं. मोळ्या वाहून कंबर गेलेली, त्यात कित्येक बायांची गर्भपिशवी तरुणपणीच काढलेली. 2019 साली सरकारी समितीनं त्याची चौकशीही केली. अशा दुखण्यापायी डायक्लोफिनॅक रोजचंच होऊन बसतं. शुगर आणि बीपी दोन्ही असलेल्या माणसाच्या किडनीला ही गोळी फार महागात पडते. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगा. शुगरची नेहमीची मेटफॉर्मिनसुद्धा किडनी किती चालते हे बघूनच द्यावी लागते. दम्याला किंवा सांध्यांना स्टेरॉइड चालू असेल तर शुगर त्यानंही चढते. टीबीच्या औषधानं शुगरच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. हे सगळं पिशवी बघितल्याशिवाय डॉक्टरांना तरी कसं कळावं?

उपासाचंही आत्ताच विचारून घ्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन नऊ दिवस निरंकार धरला तर शुगर 70 च्या खाली जाऊन माणूस आडवा होतो. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला की तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. बीपीच्या काही गोळ्यांमुळं शुगर उतरली तरी छातीतली धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्यावर लक्ष ठेवा. देवी उपाशी मारायला बसलेली नाही.

अपंग भावा-बहिणींना ‘रोज चाला’ एवढंच सांगून परत पाठवतात, ते बरोबर नाही. बसल्या जागी हातांचे व्यायाम होतात, ते शिकवा म्हणून सांगा. नजर अधू असेल तर इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. इन्सुलिनचं पेन मिळत असेल तर प्रत्येक युनिटला होणारा टक आवाज मोजून डोस लावता येतो. एक पाय गेलेल्यानं दुसऱ्या पायाला डोळ्यात तेल घालून जपावं. शुगर निघाली की डोळ्यांचा पडदाही त्याच वेळी तपासायचा असतो, दिसायचं कमी झाल्यावर नाही.

आता फडाचं. निघताना मिळतील तितक्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. सगळ्या आजारांची नावं आणि डोस एकाच चिठ्ठीवर लिहून घ्या, मोबाइलमध्ये तिचा फोटो ठेवा. कर्नाटकात गेलात तर तीच कामाला येईल. महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कोपीत फ्रीज नसतो. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओलं फडकं गुंडाळलेल्या माठात, सावलीला ठेवा. बाटलीवर 40 लिहिलेलं असेल तर लाल टोपणाचीच सिरिंज वापरा. फडात बूट घाला. पाय बधिर असला की उसाचा खुंट घुसलेलाही कळत नाही. रोज रात्री तळपाय उजेडात बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर लेकराला दाखवा.

मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या कोण आणणार हे शेजारी किंवा आशाताईंशी बोलून ठरवा, मगच गाडीत बसा.

मुकादमांनाही हात जोडून विनंती आहे. तपासणीला गेलेल्या कोयत्याला त्या दिवसाचा खाडा लावू नका.

आपले,
तलवाड्यातील गावकरी