वादळात वाचवलेले पन्नास डॉलर

थंडी पडू लागली की आपल्या न्यू जर्सीत दोन तयाऱ्या सुरू होतात, एक संक्रांतीची आणि दुसरी बर्फाची. संक्रांतीची तयारी पार नोव्हेंबरात, हॉल ठरवण्यापासून सुरू होते. बर्फाची मात्र आदल्या संध्याकाळी, टीव्हीवर निळे-जांभळे नकाशे दिसू लागले की मग. त्या संध्याकाळी आपण सगळे दूध, ब्रेड आणि कोथिंबीर आणायला धावतो. दोन दिवस कोथिंबिरीवाचून कुणाचं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही. जे बिघडतं ते वेगळंच असतं, आणि त्याबद्दल मंडळाच्या सभासदांशी थोडं स्पष्ट बोलावं म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, विमा-एजंटही नाही. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे उपदेशापेक्षा हिशेबच जास्त मांडणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्या काटकसरीने आपल्या लोकांना या देशात उभं केलं, तीच काटकसर बर्फाच्या वादळात आपल्या जिवावर उठते. साठ-सत्तरच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन आलेल्या पिढीला पैसा जपून वापरावाच लागला, आणि तो संस्कार आपण अभिमानाने पुढे चालवला. पण वादळाच्या दिवशी जो पैसा आपण वाचवतो, त्याच्या दुसऱ्या बाजूला काय मांडलेलं असतं हे आपण बघतच नाही.

ड्राइव्ह-वेचं वजन

एक साधं गणित करू. वीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब ड्राइव्ह-वे म्हणजे ८०० चौरस फूट. त्यावर दहा इंच बर्फ पडला. दहा इंच बर्फाचं वितळून साधारण एक इंच पाणी होतं. ८०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे ४,१६० पौंड, जवळजवळ १,९०० किलो. आपल्याकडच्या ५० किलोच्या सिमेंटच्या गोण्यांत सांगायचं तर अडतीस गोण्या. बर्फ ओला असेल तर याहून जास्त. शिवाय म्युनिसिपालिटीचा नांगर येऊन ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी जो घट्ट बांध घालून जातो, तो वेगळाच.

आता विचार करा. वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू असलेल्या गृहस्थाला कुणी सांगितलं, की सकाळी सात वाजता उपाशीपोटी, शून्याखालच्या थंडीत अडतीस गोण्या उचलून बाजूला टाक, तर तो ऐकेल का? पण फावडं हातात दिलं की तोच गृहस्थ हौसेने बाहेर पडतो, आणि वर म्हणतो, "तेवढाच व्यायाम!"

हा व्यायाम नव्हे. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. पायांपेक्षा हातांनी केलेल्या जड कामाचा ताण हृदयावर अधिक पडतो. त्यात वजन उचलताना आपण नकळत श्वास रोखून धरतो. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. अमेरिकेतल्या १९९० ते २००६ या काळातल्या नोंदींच्या एका अभ्यासात दिसलं, की बर्फ काढताना दुखापत होऊन वर्षाला सरासरी ११,५०० माणसं इमर्जन्सीत जात होती आणि सुमारे शंभर माणसं हृदयविकाराने दगावत होती. कॅनडातल्या क्विबेक प्रांतातला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वीस सेंटिमीटर, म्हणजे आठेक इंच बर्फ पडल्यानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हार्ट अटॅकने मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढलेलं त्यात आढळलं.

आणि आपण दक्षिण आशियाई. आपल्या वंशात हृदयविकार लवकर आणि जास्त प्रमाणात होतो हे आता नुसतं ऐकीव राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच एक धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवला आहे. म्हणजे शेजारचा जॉन पन्नाशीत फावडं मारतो म्हणून आपणही मारावं, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

बर्फ काढणारा माणूस पन्नास-साठ डॉलर घेतो. गावोगाव भाव निराळा, मोठ्या वादळात दुप्पट. हंगामात चार वेळा बोलावला तरी एका कुटुंबाच्या दोन वेळच्या बाहेरच्या जेवणाइतकाच खर्च. तेवढ्यासाठी जीव टांगणीला लावायचा का, हा माझा प्रश्न आहे.

तरुण आणि धडधाकट असाल तर जरूर काढा. पण दर दोन-तीन इंच पडला की एकदा, उचलण्यापेक्षा ढकलत, अर्धं फावडं भरून, मध्ये मध्ये थांबत. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, थंडीतही दरदरून घाम, एकाएकी मळमळ असं काही झालं तर "ऍसिडिटी असेल" म्हणून ओवा चघळत बसू नका. सरळ ९११ फिरवा. स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला निघू नका.

भारतातून आलेले आई-बाबा

नातवंडाच्या जन्मासाठी आलेले आई-बाबा पुष्कळदा हिवाळाभर राहतात. बाबांना आयुष्यभर पहाटे उठायची सवय. घरात नुसतं बसून त्यांना कंटाळा येतो, आणि मुलगा-सून दोघंही कामाला जुंपलेली बघून आपलाही हातभार लागावा असं त्यांना मनापासून वाटतं. बाहेर पांढरंशुभ्र अंगण दिसतं आणि गॅरेजमध्ये फावडं. सून म्हणते, "बाबा, राहू द्या," पण ते "अगं, दहा मिनिटांचं काम" म्हणून कानटोपी घालून बाहेर पडतात.

या दहा मिनिटांची आर्थिक बाजूही समजून घ्यायला हवी. पाहुण्या आई-वडिलांसाठी आपण जो व्हिजिटर्स इन्शुरन्स घेतो, त्यातल्या बहुतेक पॉलिसी आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च देत नाहीत. काही पॉलिसी असा आजार अचानक उसळला तर मर्यादित रक्कम देतात, पण ती मर्यादा वयाप्रमाणे घटत जाते आणि अटी बारीक अक्षरांत असतात. ज्यांना वीस वर्षं रक्तदाब आहे त्यांच्या हार्ट अटॅकबाबत कंपनी कागदपत्रं मागणारच. स्वस्तातल्या पॉलिसीत तर दर उपचारामागे ठरावीक रक्कम मिळते, आणि इथल्या हॉस्पिटलचं बिल तिच्या कितीतरी पुढे जातं. म्हणून पॉलिसी घेताना हप्ता किती याच्याआधी हे कलम वाचा. आणि फावडं गॅरेजमध्ये कुलपात ठेवा. बाबांना वाईट वाटेल, पण चालेल. त्यांना तिळाचे लाडू वळायला बसवा.

वारा आणि बंद घर

नुसत्या बर्फापेक्षा वाऱ्याबरोबर आलेला बर्फ फार घातक. ताशी ३५ मैल किंवा अधिक वारा, आणि उडत्या बर्फामुळे पाव मैलाच्या आतलंच दिसेल अशी स्थिती किमान तीन तास राहिली तर हवामान खातं त्याला ब्लिझर्ड म्हणतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणूनच तीस मैलांच्या वाऱ्यात डुलणारं झाड साठ मैलांत उन्मळून विजेच्या तारांवर पडतं. थंडीचंही तसंच. शून्य फॅरनहाइटला ताशी पंधरा मैल वारा असेल तर अंगाला उणे १९ ची थंडी लागते आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू लागते.

वीज गेली की घर गार पडतं आणि मग जुगाड सुरू होतात. गॅरेजमध्ये जनरेटर, स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू. यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आपल्याला वाटतं फ्लू आलाय, आणि माणूस झोपेतच जातो. नुसत्या पोर्टेबल जनरेटरमुळे या देशात दर वर्षी सुमारे शंभर माणसं अशी जातात. जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब, बाहेर उघड्यावरच हवा. गॅरेजचं दार उघडं ठेवून भागत नाही. नव्या फर्नेसचा धूर भिंतीतून बाहेर पडणाऱ्या पांढऱ्या पाइपातून जातो. वाऱ्याने साठलेला बर्फ त्याचं तोंड बुजवतो, म्हणून तो पाइप घराच्या कुठल्या बाजूला आहे हे आजच बघून ठेवा. गाडीचंही तेच. जानेवारी २०१६ च्या वादळात नेवार्कला सुमारे २८ इंच बर्फ पडला. त्या वेळी आपल्याच राज्यात पसेइक गावात एक तरुण आई मुलांना घेऊन सुरू गाडीत ऊब घेत बसली होती. गाडीची नळी बर्फाने बुजलेली होती. आई आणि मुलं, सगळी गेली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तीस-चाळीस डॉलरला मिळतो. दर मजल्यावर एक लावा.

डिसेंबरात सगळं कुटुंब भारतात जात असेल तर आणखी एक. गॅसचं बिल वाचावं म्हणून हीटिंग पार बंद करून जाऊ नका. पाइप गोठून फुटले आणि घर पाण्याने भरलं, तर बऱ्याचशा होमओनर्स पॉलिसी विचारतात, की घर उबदार ठेवण्याची किंवा पाणी बंद करण्याची काळजी घेतली होती का. नसेल तर भरपाई नाकारली जाऊ शकते. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवा, पाण्याचा मुख्य कॉक बंद करा आणि घराची किल्ली शेजारच्यांकडे द्या.

"पैसे भरलेत, जायलाच हवं"

आता थोडं मंडळाबद्दल. माझं म्हणणं काहींना पटणार नाही, पण लिहितो.

आपला संक्रांतीचा कार्यक्रम नेमका जानेवारीच्या शेवटी येतो, जेव्हा इथे नॉरईस्टर वादळांचा ऐन हंगाम असतो. हॉलचं डिपॉझिट परत मिळत नाही, जेवणाची ऑर्डर गेलेली असते, नाटकवाले आलेले असतात. मग समिती शेवटपर्यंत "बघू या" म्हणते. सभासद म्हणतात, "तिकिटाचे पैसे भरलेत, जायलाच हवं." आणि साड्या-शालूंत, पातळ चपलांत, लहान मुलांना मागे बसवून शंभर गाड्या टर्नपाइकवर निघतात.

असं ताणत बसण्याची किंमत शेजारच्या राज्यात बफेलोने २०२२ च्या नाताळात मोजली. वादळ येणार हे हवामान खातं कित्येक दिवस आधीपासून सांगत होतं. तरी गाड्या चालवण्यावर बंदी आली ती २३ डिसेंबरच्या सकाळी साडेनऊला, जेव्हा बरीच माणसं आधीच कामाला बाहेर पडली होती. वाऱ्याचे झोत ताशी ७० मैलांपर्यंत गेले, ब्लिझर्ड सलग ३७ तास चालला आणि विमानतळावर ५० इंचांहून अधिक बर्फ साठला. अग्निशामक गाड्या आणि अँब्युलन्ससुद्धा अडकल्या. त्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी गाडीत, कुणी रस्त्यात, कुणी वीज गेलेल्या घरात, आणि कुणी बर्फ उपसताना. बफेलो बर्फाला नवखं शहर नव्हे. तिथे ही गत, तर आपण कोण?

म्हणून मंडळाने दोन गोष्टी लेखी ठरवाव्यात. पहिली, हॉलच्या करारातच बर्फासाठी राखीव तारीख घालावी, त्याचे थोडे जास्त पैसे लागले तरी. दुसरी, कार्यक्रमाच्या चोवीस तास आधी विंटर स्टॉर्म किंवा ब्लिझर्ड वॉर्निंग लागू असेल तर कार्यक्रम आपोआप पुढे जाईल, त्यावर चर्चा नाही. यात मंडळाचे पैसे बुडतील. त्यासाठी वर्गणी पाच डॉलरने वाढवावी लागली तर वाढवावी. अध्यक्षांवर सकाळी सहा वाजता निर्णय टाकणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. डॉक्टर, नर्स, फार्मसीवाले यांना जावंच लागतं. हळदीकुंकवाला जावंच लागतं असं नाही. तिळगूळ आठवड्याने खाल्ला तरी गोडच लागतो.

आणि जे सभासद एकटे राहतात, सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांची यादी करून प्रत्येकाला दोन तरुण घरं वाटून द्यावीत. वादळाच्या आदल्या दिवशी एक फोन, दुसऱ्या दिवशी एक फोन. औषधं आठवडाभराची आहेत का, ड्राइव्ह-वे कोण काढणार, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

काटकसर वाईट नाही. फक्त ती कुठे करायची आणि कुठे नाही, हे यंदाचा पहिला बर्फ पडायच्या आत घरोघरी एकदा बसून ठरवावं, आणि बर्फवाल्याचा नंबर फ्रिजवर लावून ठेवावा, ही विनंती.