सेवाज्येष्ठतेचा वाद : दोष तारखांचा की दिरंगाईचा?

सरकारी सेवेतील बहुतेक संवर्गांना दोन दारे असतात. एक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून उघडणारे सरळसेवेचे आणि दुसरे खालच्या पदावरून मिळणाऱ्या पदोन्नतीचे. दोन्ही दारांनी आलेले अधिकारी एकाच पदावर, एकाच कार्यालयात काम करतात. मात्र ज्येष्ठतासूचीत आधी नाव कोणाचे, हा प्रश्न आला की त्यांच्या वाटा थेट न्यायालयाकडे वळतात. गेल्या अर्धशतकातील निकाल पाहिले, तर या वादाचे मूळ अधिकाऱ्यांच्या परस्परवैरात नसून शासनाच्या दिरंगाईत असल्याचे दिसते.

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातील अभियंत्यांच्या प्रकरणांतून आले आहेत. जुन्या मुंबई राज्याच्या १९६० च्या नियमांनुसार सरळसेवेतील उपअभियंता परिवीक्षाकाल संपताच कायम होत असे. पदोन्नत उपअभियंत्याला मात्र कायम होण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि त्याची ज्येष्ठताही कायम झाल्याच्या तारखेपासूनच मोजली जाई. त्यामुळे आधीपासून तेच काम करणारा अधिकारी नंतर आलेल्याच्या खाली ढकलला जाई. १९७७ मध्ये पटवर्धन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनेतील समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवली. कोणाला केव्हा कायम करावे, हे प्रशासनाच्या मर्जीवर अवलंबून असते. अशा अनिश्चित गोष्टीवर ज्येष्ठता ठरू नये, हा त्या निकालाचा गाभा होता.

घटनापीठाची सूत्रे

त्यानंतरही वाद शमला नाही. अखेर २ मे १९९० रोजी घटनापीठाने सरळसेवेतील वर्ग दोन अभियंत्यांच्या संघटनेच्या प्रकरणात ११ सूत्रे मांडली. नियमानुसार नेमणूक झाली असेल, तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून मोजावी. नियम डावलून केवळ वेळ निभावण्यासाठी केलेल्या तदर्थ नेमणुकीचा काळ मात्र धरू नये. कोटा पाळणे अशक्य झाले असेल, तर शासनाने तो नियमच बदलावा. कोटा मोडला, पण जादा नेमणुका विहित पद्धतीने झाल्या असतील, तर नंतर आलेल्यांसाठी आधीच्यांना खाली ढकलू नये. एखाद्या सेवेतील प्रश्न एकदा विचारपूर्वक सुटला की तो पुन्हा उकरून काढणे त्या सेवेच्या हिताचे नाही, असेही न्यायालयाने बजावले.

सूत्रे स्पष्ट असूनही तंटे सुरूच राहिले, कारण ते निर्माण करणारी रीत बदलली नाही. पद रिक्त होते, परीक्षेसाठीचे मागणीपत्र वेळेवर जात नाही, परीक्षा आणि निकाल लांबतात. काम तर थांबवता येत नाही. मग खालच्या अधिकाऱ्याला तात्पुरती बढती दिली जाते. ही 'तात्पुरती' व्यवस्था अनेक वर्षे चालते. पुढे सरळसेवेचे उमेदवार दाखल होतात आणि जागा आमच्या कोट्यातील होती, असे सांगतात. काम आम्ही केले, असे पदोन्नत अधिकारी म्हणतात. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी असतात.

हाच पेच केंद्रीय सेवांतही दिसला. प्राप्तिकर निरीक्षकांच्या परमार प्रकरणात नोव्हेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरळसेवेच्या उमेदवारांना दिलासा दिला. भरतीची प्रक्रिया ज्या वर्षातील रिक्त पदांसाठी सुरू झाली, त्या वर्षाशी त्यांची ज्येष्ठता जोडली गेली. प्रक्रियेच्या विलंबाचा भुर्दंड त्यांनी का सोसावा, असा त्यामागचा विचार. पण १९ नोव्हेंबर २०१९ रोजी मणिपूर पोलीस सेवेच्या मेघचंद्र सिंह प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हा निकाल रद्दबातल ठरवला. तेथे पदोन्नत अधिकारी मार्च २००७ मध्ये, तर सरळसेवेतील अधिकारी त्याच वर्षी ऑगस्ट व नोव्हेंबरमध्ये रुजू झाले होते. जो अधिकारी त्या दिवशी संवर्गात जन्मलाच नव्हता, त्याला त्या दिवसाची ज्येष्ठता कशी द्यायची, हा न्यायालयाचा मुद्दा होता. आधी निश्चित झालेल्या ज्येष्ठतेला मात्र संरक्षण देण्यात आले. केंद्राच्या कार्मिक विभागाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्यानुसार सूचना काढल्या. पुढे २०२२ मध्ये या निकालाविषयीच शंका उपस्थित होऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. एका दशकात दिशा दोनदा बदलली आणि प्रत्येक वेळी सूच्यांवर नवे प्रश्नचिन्ह लागले.

किंमत कोण मोजतो?

सूचीतील दहा-वीस क्रमांकांच्या फरकावर एखादा अभियंता कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त होतो की अधीक्षक अभियंता म्हणून, हे ठरू शकते. न्याय मिळेपर्यंत निवृत्ती आली, तर हाती पडतो तो 'मानीव दिनांक'. त्या पदावर काम करण्याची संधी परत येत नाही. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. सूचीला स्थगिती मिळाली की पदोन्नती समितीचे काम अडते, वरची पदे 'अतिरिक्त कार्यभारा'वर चालतात आणि मोठे निर्णय लांबणीवर पडतात. त्याची झळ अखेर रस्ता, पाणी किंवा दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या नागरिकाला बसते.

उपाय नवे नाहीत. रिक्त पदांचे मागणीपत्र दरवर्षी ठरलेल्या मुदतीत पाठवणे, तात्पुरत्या बढतीच्या आदेशातच तिचा कालावधी आणि कोटा नमूद करणे, वार्षिक ज्येष्ठतासूची हरकतींचा निपटारा करून वेळेवर अंतिम करणे, ही कामे कोणत्याही निकालाची वाट न पाहता करता येतात. तारीख कोणती धरायची, हे न्यायालय सांगू शकते; परंतु भरती आणि पदोन्नती एकाच वर्षात पार पाडण्याची जबाबदारी शासनाचीच आहे. ती पाळली गेली, तर न्यायालयापुढे तारखांचा हिशेब मांडण्याची वेळ दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांवर क्वचितच येईल.