रस्ता मोटारींचा की माणसांचा?

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीची खरेदी करायची म्हणजे हल्ली जीव मुठीत धरूनच निघावे लागते. 11 डिसेंबर 2021 रोजी महापालिकेने येथे ‘पादचारी दिन’ साजरा करून काही तास रस्ता माणसांना दिला. म्हणजे उरलेले 364 दिवस आम्ही रस्त्याचे आश्रित!

वाहने बंद केली की व्यापार बुडतो, अशी ओरड होते. अहो, मोटार का दुकानात शिरून पैठणी घेते? घेते ती मोटारीतून उतरलेली बाई; आणि उतरल्यावर तिलाही चालावेच लागते. तीन मोटारींच्या जागेत पन्नास माणसांची बस मावते. तरी थांब्यावरची बस तेवढी अडथळा! 2006 साली सातारा रस्त्यावर बसला वेगळी वाट दिली, तीत खासगी वाहने घुसली, आणि बदनाम झाली ती बस.

आमचे मागणे साधे आहे. मधली वाट बसची, दोहो बाजूंना रुंद, अखंड पदपथ, मालाचे टेंपो दुकाने उघडण्यापूर्वी. मोटारी मंडईशेजारच्या वाहनतळावर राहोत. आणि हो, पणत्या विकणाऱ्या बाईला त्या पदपथावर जागा आखून द्या; तिला हुसकून रुंद केलेला पदपथ आम्हांला नको.