नाथसागराचा वारा

पैठणास समुद्र नाही, मग वादळाच्या इशाऱ्याशी आपणांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु १९७६ साली जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले, तेव्हापासून गोदामाईच्या या तीरी सुमारे ५५ किलोमीटर लांब व २७ किलोमीटर रुंद असा नाथसागर पसरला आहे. त्यावर नावा चालतात, जाळी पडतात, आणि कित्येक घरांच्या चुली त्यावरच पेटतात.

हा जलाशय जितका विस्तीर्ण, तितका खोल नाही. पूर्ण भरला असताही त्याची सरासरी खोली आठ-नऊ मीटरांहून अधिक भरत नाही. उथळ पाण्यावर वारा सुटला म्हणजे लाटा आखूड व उभ्या उठतात, आणि लहान नावेस त्याच अधिक घातक होत. शिवाय वाऱ्यास मोकळे पाणी जितके लांब मिळेल, तितकी लाट वाढते. दिवाळीनंतर वारा बहुधा पूर्वेच्या अंगाने वाहतो. अशा वेळी धरणाच्या भिंतीजवळ पाणी शांत दिसते, पण पश्चिमेकडे जावे तसतशी लाट मोठी होत जाते. काठावरून पाहणाऱ्यास हे कळत नाही. त्यातच थंड पहाटे पाण्यावर धुके दाटले, तर किनाराही दिसेनासा होतो. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ झाले, तर त्याचे ढग व वारे कधी कधी मराठवाड्यापर्यंत येऊन पोचतात.

गोड्या पाण्यास भिऊ नये, हा समज खोटा आहे. १० नोव्हेंबर १९७५ रोजी अमेरिकेच्या सुपीरियर सरोवरात 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे प्रचंड मालवाहू जहाज वादळात बुडाले, व २९ खलाश्यांपैकी एकही वाचला नाही. दूर कशास जावे? २१ मे २०२४ रोजी आपल्याच राज्यातील उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने नाव उलटून सहा जीव गेले.

कलकत्त्याच्या बंदरासाठी वादळाच्या सूचना देण्याची व्यवस्था १८६५ सालीच झाली. बंदरांवर दिवसा शंकू व नळकांडी आणि रात्री दिवे टांगून नाविकांस इशारा देतात. हवामानखाते हल्ली जिल्ह्यांसाठी पिवळा, नारिंगी व तांबडा इशारा प्रसिद्ध करते. परंतु मध्यजलाशयात लाट किती उठेल, हे जिल्ह्याच्या इशाऱ्यावरून नावाड्यास समजत नाही. म्हणून आमचे मत असे की, नाथसागरासाठी वारा, लाट व धुके यांचा स्वतंत्र अंदाज आदल्या सायंकाळीच मिळावा, आणि त्याचे निशाण काठावर सर्वांस दिसेल असे उभारावे.

जुना नावाडी आकाश पाहून वारा ओळखतो, हे खरे, व त्याच्या ज्ञानाचा मान राखलाच पाहिजे. पण क्षितिजापलीकडचे त्यासही दिसत नाही. इशारा कधी फोल ठरेल व एका दिवसाची मजुरी बुडेल, हेही खरे. गरिबास ती हानी लहान नव्हे. म्हणूनच इशारा वेळेवर हवा, म्हणजे जाळे टाकण्याचा दिवस पुढे-मागे करता येईल. बुडालेली मजुरी दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. बुडालेला बाप मात्र कोणत्याही लेकरास परत मिळत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपणही शाळेत वायुभारमापक व वातकुक्कुट यांची रोज नोंद ठेवावी, आणि ज्यांच्या घरची नाव पाण्यावर जाते त्यांनी ती घरी वाचून दाखवावी. शिक्षणाचा याहून चांगला उपयोग तो कोणता?